ड्रेस्डेनचा झ्विंगर आणि तिथलं चित्रदालन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्लिनहून प्रागला रेल्वेने जाताना वाटेत ड्रेस्डेन लागतं. तिथे उतरावं का, असं अनेक जण विचारतात. उतरावं, आणि हाताशी दोन-चार तासच असतील तर सगळे झ्विंगरला द्यावेत. इथल्या भिंतीवरच्या जवळपास प्रत्येक मोठ्या चित्राने आजवर बरंच काही सोसलं आहे. कुणी विकलं, कुणी दुसऱ्याच्या नावावर खपवलं, कुणी त्यावर रंग फासला, कुणी युद्धात भुयारात दडवलं, कुणी परदेशी नेलं आणि परत आणलं. हा इतिहास ठाऊक असला की चित्र बघताना नजर कुठे थांबवायची ते कळतं. म्हणून पुढची उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत.

झ्विंगर हा राजवाडा आहे की संग्रहालय?

दोन्ही, पण राजा इथे कधी राहिला नाही. त्याचं राहतं घर म्हणजे शेजारचा राजवाडा, जर्मन नाव रेसिडेन्झश्लोस, तिथून चालत पाच मिनिटांवर. झ्विंगर बांधला तो समारंभांसाठी. मधे प्रशस्त अंगण, भोवती एकमजली लांबच लांब सज्जे आणि त्यांना जोडणारे दुमजली मंडप. सुरुवातीला, १७०९ च्या सुमारास, इथे संत्र्यांची झाडं थंडीत जपण्यासाठी काचगृहं हवी होती. त्या काळी उत्तर युरोपात संत्र्याचं झाड कुंडीत वाढवणं ही राजेशाही चैन होती. मग राजाची हौस वाढत गेली आणि बांधकाम १७२८ पर्यंत चाललं. जागा जुन्या शहराच्या तटबंदीतली आहे. पश्चिमेच्या बाजूला तिचा खंदक आजही पाण्याने भरलेला दिसतो.

ऑगस्ट नावाचे राजे इतके आहेत की गोंधळ होतो. कोणता कोण?

हा गोंधळ सगळ्यांचाच होतो. लक्षात ठेवायचे फक्त दोघे, बाप आणि मुलगा.

बाप म्हणजे ‘बलवान’ ऑगस्ट. १६९४ मध्ये तो सॅक्सनीचा (ड्रेस्डेन ही त्याची राजधानी) इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेला जर्मन राजा झाला आणि १६९७ मध्ये पोलंडचा राजा म्हणून निवडून आला. सॅक्सनीत तो फ्रीडरिख ऑगस्ट पहिला, पोलंडमध्ये ऑगस्ट दुसरा. पोलंडच्या मुकुटासाठी प्रॉटेस्टंट पंथ सोडून तो कॅथलिक झाला. झ्विंगर त्याचा. १७३३ मध्ये तो वारला.

मुलगा सॅक्सनीत फ्रीडरिख ऑगस्ट दुसरा आणि पोलंडमध्ये ऑगस्ट तिसरा. बापाला पोर्सेलिन (उंची चिनी मातीची भांडी), जडजवाहीर आणि बांधकामांचा सोस होता, मुलाचा जीव चित्रांवर. १७६३ पर्यंतच्या त्याच्या कारकिर्दीत त्याने आणि त्याचा मंत्री ब्र्यूल याने इटली, पॅरिस, बोहेमिया असं सगळीकडे माणसं पाठवून चित्रं गोळा केली. राज्य चालवण्यात दोघेही यथातथाच होते आणि सॅक्सनीला सप्तवार्षिक युद्धात त्याची जबर किंमत मोजावी लागली. तरीही आज आपण ज्या भिंतींसमोर उभे राहतो त्या मुलाच्या नजरेमुळे भरल्या आहेत, हे मान्य करावंच लागतं.

याला बरोक का म्हणतात? बाहेरून नेमकं काय बघावं?

बरोकमध्ये वास्तू स्थिर, गप्प उभी राहत नाही. भिंत आत-बाहेर वळते, जिना फाटे फोडत चढतो, खांबाच्या जागी माणसं भार उचलतात. झ्विंगरचा वास्तुकार माथेउस डानिएल प्योपेलमान, शिल्पकार बाल्थासार पेर्मोझर. राजाने १७१० मध्ये प्योपेलमानला व्हिएन्ना आणि रोमला नवं बांधकाम बघून यायला पाठवलं होतं. पेर्मोझर स्वतः अनेक वर्षं इटलीत काम करून आलेला. या जोडीच्या कामात घडवलेला दगड कुठे संपतो आणि मूर्ती कुठे सुरू होते ते सांगता येत नाही.

अंगणात उभं राहून आधी पश्चिमेचा व्हालपॅव्हिलियन बघा. त्याच्या खांबांवर दाढीवाले, शिंगवाले, हसणारे, कण्हणारे चेहरे आहेत आणि कुठलाही दुसऱ्यासारखा नाही. सगळ्यात वर हर्क्युलिस पृथ्वीचा गोल खांद्यावर पेलून उभा आहे. तो अर्थातच राजा स्वतः. त्याच्या शेजारीच अप्सरांचं स्नानगृह आहे, तिथे कारंजी आणि दगडी कोनाड्यांत अप्सरांच्या मूर्ती. बहुतेक पर्यटक अंगणातूनच फोटो काढून निघून जातात आणि हा कोपरा त्यांच्या नजरेतून सुटतो. तो चुकवू नका.

खंदकाच्या बाजूचं मुकुटद्वार सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या कांद्यासारख्या घुमटावर चार सोनेरी गरुडांनी पोलंडचा मुकुट उचलून धरला आहे. व्हालपॅव्हिलियनच्या समोरच्या मंडपात, ड्रेस्डेनजवळच्या मायसेन गावात बनणाऱ्या पोर्सेलिनच्या घंटा आहेत. त्या विसाव्या शतकात बसवल्या. ठराविक वेळी त्या वाजतात, आवाज धातूच्या घंटेपेक्षा मऊ.

दगड इतका काळा का? आगीमुळे का?

पूर्णपणे नाही. हा एल्बे नदीच्या खोऱ्यातला वालुकाश्म. त्यात लोहाचा अंश असतो आणि हवेत राहून तो काळसर पडत जातो. धुराचा थर वेगळा. ड्रेस्डेनमध्ये कोणता दगड जुना आणि कोणता पुनर्बांधणीत नव्याने घडवलेला, हे या रंगावरून साध्या डोळ्यांनी बरंचसं ओळखता येतं.

चित्रदालनाची इमारत बाकीच्या झ्विंगरशी जुळत नाही असं का वाटतं?

कारण ती सव्वाशे वर्षांनी नंतरची आहे. एल्बेच्या दिशेची चौथी बाजू ऑगस्टच्या हयातीत बांधलीच गेली नाही. तिथे तात्पुरता आडोसा होता. १८४७ मध्ये गॉटफ्रीड सेंपरच्या आराखड्यानुसार काम सुरू झालं. सेंपरने बरोकची नक्कल न करता इटालियन रेनेसाँसच्या, म्हणजे बरोकच्या आधीच्या प्रबोधनकाळाच्या धर्तीवर एक शांत, भारदस्त इमारत उभारायचं ठरवलं. मग आलं १८४९ चं मे महिन्यातलं बंड. सेंपर बंडखोरांच्या बाजूने रस्त्यावरच्या अडथळ्यांची आखणी करत होता. बंड चिरडलं गेलं आणि त्याला देश सोडून पळावं लागलं. इमारत इतरांनी पुरी केली आणि १८५५ मध्ये दालन लोकांसाठी उघडलं. उठावात सामील झालेल्या माणसाने राजाच्या चित्रांसाठी बांधलेलं घर आजही त्याच्याच नावाने ओळखलं जातं.

त्याआधी राजाची चित्रं नोयमार्क्ट चौकातल्या जुन्या घोड्यांच्या पागेत होती, १७४० च्या दशकात तिचं दालन केलं होतं. ती इमारत अजून आहे आणि तिथे आज वाहतूक संग्रहालय आहे.

ही चित्रं लुटीची आहेत का?

आपल्याकडून हा प्रश्न येणं साहजिक आहे. युरोपातल्या संग्रहालयात कोहिनूर, टिपूचा वाघ वगैरे बघून आलेल्या माणसाला तो पडतोच. ड्रेस्डेनच्या जुन्या चित्रसंग्रहाबाबत उत्तर असं, की त्यातली बहुतेक चित्रं विकत घेतलेली आहेत आणि त्या व्यवहारांची कागदपत्रं आहेत. विकणारा अडचणीत असायचा आणि घेणाऱ्याच्या खिशात पैसे असायचे, हे मात्र खरं.

सगळ्यात मोठा व्यवहार मोडेनाचा. तिथला ड्यूक फ्रान्चेस्को तिसरा युद्धामुळे कर्जात बुडालेला होता. १७४५-४६ मध्ये त्याने आपल्या संग्रहातली सर्वोत्तम १०० चित्रं ड्रेस्डेनला विकली. टिशियनचं ‘कराचं नाणं’, कोरेज्जिओची मोठी वेदिचित्रं, व्हेरोनेझेचे प्रचंड कॅनव्हास हे सगळं त्या एका फटक्यात आलं. मोडेनाच्या लोकांना आजही ते खुपतं आणि मला त्यांचं दुःख समजतं. एका शहराने तीन पिढ्यांत जमवलेलं दुसऱ्या शहराला एका वर्षात मिळालं.

कोरेज्जिओचं ‘पवित्र रात्र’ नक्की शोधा. येशूच्या जन्माचं हे चित्र आहे आणि त्यातला सगळा प्रकाश नवजात बाळाच्या अंगातून येतो. एक गवळण त्या उजेडाने डोळे दिपून हात चेहऱ्याशी नेते. आपल्याकडे कृष्णजन्माच्या कीर्तनात कारागृह उजळून निघाल्याचं वर्णन ऐकलेल्या माणसाला हे चित्र कुणी समजावून सांगावं लागत नाही.

‘सिस्टाइन मॅडोना’ इतकी गाजलेली का आहे?

राफाएलने हे चित्र १५१२-१३ मध्ये पोप ज्युलियस दुसरा याच्यासाठी काढलं. उत्तर इटलीतल्या पियाचेन्झा गावच्या सान सिस्टो मठाच्या चर्चमध्ये, मुख्य वेदीच्या मागे ते लावायचं होतं. चित्रात हिरवे पडदे बाजूला सरले आहेत आणि ढगांवरून मेरी, म्हणजेच मॅडोना, बाळ येशूला घेऊन आपल्या दिशेने चालत येते आहे. डावीकडे संत सिक्स्टस, उजवीकडे संत बार्बरा. उंची अडीच मीटरहून जास्त.

समोर गेलात की आधी मागचा ढग नीट बघा. तो पांढरा धूर नाही, त्यात असंख्य लहान मुलांचे चेहरे विरघळलेले आहेत. छापील प्रतीत ते दिसत नाहीत. मग सिक्स्टसच्या अंगरख्यावरची ओकची पानं आणि खाली ठेवलेल्या पोपच्या मुकुटाच्या टोकाचं ओकचं फळ बघा. ओक हे ज्युलियसच्या घराण्याचं चिन्ह होतं, म्हणजे चित्र मागवणारा चित्रात हजर आहे.

आणि मग त्या दोघांचे डोळे. आई आणि बाळ दोघंही घाबरलेले आहेत. हसरी मॅडोना बघायची सवय असलेल्या माणसाला हे पहिल्यांदा खटकतं. सिक्स्टसचा हात चित्राच्या बाहेर, आपल्या बाजूला काहीतरी दाखवतो. एक पटणारं स्पष्टीकरण असं, की मूळ चर्चमध्ये या चित्राच्या समोर क्रूसावरच्या येशूची मूर्ती होती. म्हणजे आई आणि बाळ समोर वाढून ठेवलेलं मरण बघत आहेत आणि तरी आई पाऊल पुढे टाकते आहे. हे कळल्यावर मला या चित्रापुढून हलवत नाही.

ऑगस्ट तिसऱ्याने ते १७५४ मध्ये मठाकडून विकत घेतलं. बोलणी दोन वर्षं चालली होती. पियाचेन्झाच्या चर्चमध्ये आज त्याची प्रत आहे. चित्र ड्रेस्डेनला आलं तेव्हा राजाने स्वतःचं सिंहासन बाजूला सारून ‘थोर राफाएलला जागा द्या’ म्हटलं, अशी एक कथा सांगतात. ती दंतकथाच आहे, पण ड्रेस्डेनकरांना ती फार आवडते.

तळाशी हनुवटी टेकवून बसलेले दोन छोटे देवदूत याच चित्रातले ना?

हो, तेच. जगभर कप, छत्र्या, शुभेच्छापत्रं आणि लग्नपत्रिकांवर छापले जाणारे ते दोघे इथे चित्राच्या अगदी खालच्या काठावर आहेत. वरचे ढग रंगवून झाल्यावर राफाएलने ते शेवटी घातले असं जाणकार मानतात. चित्रात त्यांचं काम महत्त्वाचं आहे. वरच्या सगळ्या ताणाला ते खाली जमिनीवर आणतात. नुसते वेगळे काढले की ते गोड दिसतात, पूर्ण चित्रात मात्र कंटाळून वाट बघणारी दोन पोरं वाटतात. मुलांना बरोबर नेणार असाल तर त्यांना हेच आधी दाखवा.

व्हर्मीरच्या चित्रातली भिंत बदलली म्हणतात. ही काय भानगड आहे?

दालनातली अलीकडची सगळ्यात मोठी घटना हीच. ‘उघड्या खिडकीशी पत्र वाचणारी मुलगी’ हे डच चित्रकार योहान्नेस व्हर्मीरचं साधारण १६५७ ते १६५९ या काळातलं चित्र आहे. एक तरुणी खिडकीशी उभी राहून पत्र वाचते. काचेत तिचा चेहरा अंधुक उमटला आहे. पुढे गालिचा चुरगळलाय, फळांची थाळी कलंडली आहे, उजवीकडे हिरवा पडदा. मागची भिंत अलीकडेपर्यंत कोरी दिसायची. दीडशे वर्षं लोक ती कोरी भिंत बघून व्हर्मीरच्या शांततेवर लिहीत आले.

चित्र १७४२ मध्ये पॅरिसहून आलं ते रेम्ब्रांटचं म्हणून. नंतर ते रेम्ब्रांटच्या शिष्याच्या, मग पीटर द होख याच्या नावावर गेलं. व्हर्मीरचं नावच तेव्हा लोक विसरले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची पुन्हा ओळख पटली तेव्हा हे चित्र त्याचं ठरलं.

१९७९ मध्ये चित्राचा एक्स-रे काढला, तेव्हा कोऱ्या भिंतीमागे एक मोठं चौकटीतलं चित्र दिसलं. त्यात धनुष्य घेतलेला नागडा क्युपिड, म्हणजे रोमन लोकांचा मदन, होता. सगळ्यांनी गृहीत धरलं की व्हर्मीरनेच मत बदलून तो झाकला असणार. चित्रकार असं करतातच. २०१७ मध्ये जुनं पिवळं पडलेलं व्हार्निश काढायला सुरुवात झाली आणि त्या कामात भिंतीवरचा रंग वेगळा वागतो आहे हे ध्यानात आलं. प्रयोगशाळेत रंगाचे थर तपासले. क्युपिडच्या वर व्हर्मीरच्या काळातलं व्हार्निश होतं, त्यावर धुळीचा थर आणि त्याच्यावर भिंतीचा रंग. धूळ बसायला कित्येक दशकं लागली होती. व्हर्मीर १६७५ मध्येच वारला. म्हणजे क्युपिड झाकणारा हात त्याचा नव्हता.

मग निर्णय झाला, झाकण काढायचं. द्रावण वापरलं असतं तर खालचं मूळ व्हार्निशही गेलं असतं. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली, बारीक पात्याने, कणाकणाने तो रंग खरवडून काढला. हे काम काही वर्षं चाललं आणि २०२१ च्या सप्टेंबरमध्ये चित्र नव्या रूपात लोकांसमोर आलं.

आता मुलीच्या मागे क्युपिड उभा आहे आणि त्याच्या पायाखाली मुखवटे पडले आहेत. ढोंग तुडवणारं खरं प्रेम, असा त्याचा अर्थ. पत्र कशाचं आहे हे आता उघड झालं. हाच क्युपिड व्हर्मीरच्या आणखी काही चित्रांत भिंतीवर टांगलेला दिसतो, त्यामुळे तो त्याच्या घरात किंवा कामाच्या जागी खरोखर असावा असं वाटतं.

पण जुनं कोऱ्या भिंतीचं चित्रच जास्त सुंदर नव्हतं का?

असं म्हणणारे बरेच आहेत आणि मला त्यांची बाजू कळते. कोऱ्या भिंतीपुढची ती मुलगी फार एकटी होती आणि बघणाऱ्याला तिच्या पत्रात मनाजोगं काहीही वाचता येत होतं. आता चित्रात गर्दी वाटते. तरीही निर्णय योग्यच होता. आपल्याला आवडलेलं एकाकीपण कुणा अज्ञात माणसाने नंतर दिलेलं होतं, आणि चित्रकाराच्या हाताखालून गेलेलं काम समोर असताना त्याच्यावरचं परकं काम जपत बसणं मला पटत नाही. जुन्या छायाचित्रांत कोरी भिंत राहीलच.

याच दालनात व्हर्मीरचं ‘कुंटीण’ हे १६५६ चं चित्रही आहे, तारीख आणि सही दोन्ही असलेलं. डावीकडे पेला धरून आपल्याकडे हसत बघणारा तरुण व्हर्मीर स्वतः असावा असा अनेकांचा तर्क आहे. दोन्ही चित्रं एकमेकांच्या आसपास बघितली की दोन-तीन वर्षांत हा माणूस कुठून कुठे पोचला ते दिसतं.

आणखी एखाद्या चित्रात असा लपलेला क्युपिड आहे का?

आहे, आणि तो लपलेलाच आहे. जॉर्जोनेची ‘झोपलेली व्हीनस’ (व्हीनस ही प्रेमाची रोमन देवता). मोकळ्या रानात, हिरवळीवर निजलेली नग्न स्त्री, आणि तिच्या अंगाच्या वळणासारखंच मागच्या टेकड्यांचं वळण. जॉर्जोने १५१० मध्ये तरुण वयात वारला, चित्र टिशियनने पुरं केलं. बलवान ऑगस्टने ते १६९९ मध्ये विकत घेतलं. पाश्चात्त्य चित्रकलेत पुढे अशा निजलेल्या व्हीनसची रांग लागली, तिची सुरुवात इथे. तिच्या पायाशी पूर्वी एक बसलेला क्युपिड होता. तो खूप खराब झाला म्हणून एकोणिसाव्या शतकात त्यावर रंग देऊन गवत केलं. एक्स-रेमध्ये तो दिसतो. इथे मात्र खाली फारसं काही शिल्लक नाही, त्यामुळे उघडून हाती काही लागणार नाही. व्हर्मीर बघून आल्यावर लगेच इथे उभं राहिलं तर जीर्णोद्धार करणाऱ्यांना प्रत्येक चित्राचा निवाडा वेगळा का करावा लागतो ते ध्यानात येतं.

‘चॉकलेटवाली’ हे तैलचित्र आहे का?

नाही, ते पेस्टल आहे, म्हणजे रंगीत खडूने काढलेलं, आणि तेही चर्मपत्रावर. झां-एत्येन लिओतारने ते १७४४ च्या सुमारास व्हिएन्नात काढलं आणि १७४५ मध्ये व्हेनिसहून ते ड्रेस्डेनसाठी घेतलं गेलं. तबकात चॉकलेटचा पेला आणि पाण्याचा ग्लास घेऊन चाललेली मोलकरीण, बस एवढंच. मागे काहीच नाही. पाण्याच्या ग्लासात खिडकीचं प्रतिबिंब खडूने कसं काढलं असेल याचा विचार करत लोक तिथे थबकतात. पेला मायसेनच्या पोर्सेलिनचा आहे. व्हेनिसच्या रोझाल्बा कारिएरा हिच्या पेस्टल व्यक्तिचित्रांचा जगातला सर्वांत मोठा संग्रहही इथेच आहे. अठराव्या शतकात सगळ्या युरोपच्या दरबारांनी मागणी करावी अशी ही स्त्री चित्रकार होती, तिला वेळ द्या.

दुसऱ्या महायुद्धात काय झालं?

१३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री ब्रिटिश आणि नंतर अमेरिकन विमानांनी ड्रेस्डेनवर बाँबहल्ले केले. जुनं शहर जळून गेलं. शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीने मृतांचा आकडा जास्तीत जास्त २५,००० ठरवला. नाझींनी आणि नंतर इतरांनी फुगवलेले लाखांचे आकडे खोटे आहेत. झ्विंगर आणि सेंपरच्या इमारतीची प्रचंड पडझड झाली.

चित्रं तेव्हा बहुतेक शहराबाहेर होती. किल्ले, खाणी, बोगदे अशा ठिकाणी ती आधीच हलवली होती. सिस्टाइन मॅडोना पिर्नाजवळच्या एका बोगद्यात होती. तरी सुमारे २०० चित्रं जळाली. त्यात काही अगदी दुर्दैवी योगायोगाने गेली, कारण एका जागेहून दुसरीकडे नेताना ती नेमकी त्या रात्री शहरात होती. फ्रेंच चित्रकार कुर्बेचं ‘दगडफोडे’ त्यातच गेलं, असं मानलं जातं. भर उन्हात रस्त्यासाठी खडी फोडणारा म्हातारा आणि एक पोरगा, दोघांचेही चेहरे दिसत नाहीत, असं ते १८४९ चं चित्र होतं. श्रमिकांना इतक्या मोठ्या कॅनव्हासवर जागा देणाऱ्या पहिल्या चित्रांपैकी एक. आज फक्त छायाचित्रं उरली आहेत.

रशियाने चित्रं नेली आणि परतही दिली, हे खरं आहे?

खरं आहे. युद्ध संपताच सोव्हिएत सैन्याच्या पथकांनी चित्रं शोधून मॉस्को आणि किएव्हला नेली. दहा वर्षं ती लोकांच्या नजरेआड होती. १९५५ मध्ये मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं. दहा लाखांहून जास्त लोक रांगा लावून आले. मग पूर्व जर्मनीशी मैत्रीची खूण म्हणून ती परत दिली. १९५६ मध्ये सेंपरच्या इमारतीचा काही भाग उघडला आणि १९६० मध्ये पूर्ण दालन सुरू झालं.

सोव्हिएत प्रचारात याला ‘वाचवलेली चित्रं’ म्हणत. वाचवली की नेली, यावर वाद आहे. ओलसर बोगद्यात ती फार काळ टिकली नसती हे खरं, आणि न विचारता नेली हेही खरं. काही चित्रं अजून बेपत्ता आहेत.

म्हणजे आज दिसतो तो झ्विंगर नकली आहे का?

बराचसा पुन्हा बांधलेला आहे, पण नकली म्हणणं अन्यायाचं होईल. १९४५ च्या उन्हाळ्यातच ढिगाऱ्यातून मूर्तींचे तुकडे वेचायला सुरुवात झाली होती. उपाशी, बेघर शहराने सगळ्यात आधी हाती घेतलेल्या कामांत झ्विंगर होता. पाथरवटांनी जुने दगड जिथे बसतील तिथे बसवले, उरलेले त्याच खाणींतल्या दगडातून घडवले.

शहर पूर्वी कसं होतं ते बघायचं तर दालनात बेर्नार्दो बेल्लोत्तोची चित्रं आहेत. तो व्हेनिसचा चित्रकार कानालेत्तोचा भाचा, १७४७ मध्ये ड्रेस्डेनला दरबारी चित्रकार म्हणून आला. १७४८ चं त्याचं एल्बेच्या उजव्या काठावरून दिसणारं ड्रेस्डेन इतकं तपशीलवार आहे की पुनर्बांधणीच्या वेळी अशा चित्रांचा आधार घेतला गेला. त्याने झ्विंगरच्या अंगणाचंही चित्र काढलं आहे, अजून चौथी बाजू नसलेल्या.

औरंगजेबाचा काहीतरी संबंध आहे म्हणतात. कुठे बघायला मिळेल?

झ्विंगरमध्ये नाही, शेजारच्या राजवाड्यातल्या ग्रीन व्हॉल्टमध्ये, म्हणजे राजाच्या जडजवाहिराच्या खजिन्यात. ‘बादशहा औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दिल्ली दरबार’ हे तिथल्या एका छोटेखानी देखाव्याचं नाव. बलवान ऑगस्टचा जवाहिऱ्या योहान मेल्खिओर डिंगलिंगर याने आपल्या दोन भावांसह १७०१ ते १७०८ या काळात सोनं, चांदी, मीनाकाम आणि जवळपास पाच हजार हिरे वापरून हा देखावा घडवला. १३२ छोट्या आकृत्या आहेत, हत्ती, उंट, नजराणे घेऊन येणारे सरदार, आणि वर सिंहासनावर बादशहा. डिंगलिंगर हिंदुस्थानात कधी आला नव्हता. युरोपीय प्रवाशांची वर्णनं वाचून त्याने हे उभं केलं आणि त्यात चिनी, इजिप्शियन सगळं मिसळलं.

मराठी माणसाने हे बघताना तारखा आठवाव्यात. १६८१ पासून औरंगजेब दख्खनमध्ये होता आणि दिल्लीला तो परतलाच नाही. डिंगलिंगर दरबार घडवत होता तेव्हा बादशहा पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड असे गड वेढत सह्याद्रीच्या पावसात फिरत होता आणि महाराणी ताराबाई त्याच्याशी लढत होत्या. एक गड त्याने घ्यावा, तोवर दुसरा मराठ्यांनी परत घ्यावा. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ भिंगारला तो वारला. वर्षभराने ड्रेस्डेनमध्ये त्याचा वाढदिवस पूर्ण झाला. सॅक्सनीच्या राजाला ज्या निरंकुश सत्तेचा हेवा वाटत होता ती त्याच वर्षांत आपल्या डोंगरांत झिजत होती. महाराष्ट्रातून जाणाऱ्या प्रत्येकाने हे बघावंच, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

२०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रीन व्हॉल्टमध्ये मोठी चोरी झाली होती, ती दुसऱ्या भागात. हा देखावा सुरक्षित आहे. चोरीला गेलेल्या दागिन्यांपैकी बरेचसे २०२२ मध्ये परत मिळाले.

झ्विंगरमध्ये चित्रांखेरीज काय आहे?

पोर्सेलिनचा संग्रह आणि गणित-भौतिकी दालन. पोर्सेलिनमध्ये निळ्या-पांढऱ्या मोठ्या चिनी बरण्या शोधा. १७१७ मध्ये बलवान ऑगस्टने प्रशियाच्या राजाला आपले ६०० सैनिक दिले आणि बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. त्या सैनिकांना कुणी विचारलं नव्हतं. गणित-भौतिकी दालनात जुनी घड्याळं, दुर्बिणी आणि पृथ्वीगोल आहेत. विज्ञानाची आवड असलेल्या मुलांना चित्रांपेक्षा हे जास्त भावतं.

किती वेळ ठेवावा? कुठल्या दिवशी जाऊ नये?

सोमवारी चित्रदालन बंद असतं. अंगणात जायला तिकीट लागत नाही. झ्विंगरमधल्या तिन्ही संग्रहालयांचं मिळून एक तिकीट असतं. ग्रीन व्हॉल्टचं वेगळं, आणि त्याच्या जुन्या भागाला ठराविक वेळेचं तिकीट आधी काढावं लागतं. मोठ्या पिशव्या खाली ठेवाव्या लागतात.

मोठ्या डागडुजीनंतर २०२० च्या फेब्रुवारीत दालन पुन्हा उघडलं. आता भिंतींचे रंग वाट दाखवतात, इटालियन चित्रांमागे लाल, डच आणि फ्लेमिश चित्रांमागे हिरवा. चित्रांच्या सोबतीला जुनी शिल्पंही मांडली आहेत. भिंतींवर सुमारे ७०० चित्रं आहेत आणि सगळी बघण्याचा हट्ट धरू नये. दोन तासांत राफाएल, कोरेज्जिओ, जॉर्जोने, व्हर्मीर, लिओतार आणि बेल्लोत्तो नीट होतात. वेळ उरला तर रेम्ब्रांटचं ‘गॅनिमीड’ बघा. गरुड पळवून नेत असलेला तो सुंदर राजपुत्र रेम्ब्रांटने रडून मुतणारं बाळ म्हणून रंगवला आहे. दुपारच्या प्रागच्या गाडीला घाई असेल तर पोर्सेलिन सोडा, पण ग्रीन व्हॉल्ट सोडू नका.